बहुक्रीडा स्पर्धेत पहिल्यांदा टेनपिन बोलिंग खेळताना: निवडपत्रापासून शेवटच्या ब्लॉकपर्यंत

संघात निवड झाल्याचं पत्र आलं की अभिनंदनाचे फोन चार दिवस चालतात. पुढे नेमकं काय करायचं हे सांगणारा फोन मात्र सहसा येत नाही. व्यवस्थापक फॉर्मच्या मागे असतो, प्रशिक्षक संघाच्या मागे, आणि नवा खेळाडू कोणत्या बॅगेत काय भरायचं याचा विचार करत बसतो. या वाटेने जाऊन आल्यावर जे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहून ठेवतो.

सुरुवातीलाच एक सांगायला हवं. आपल्या नेहमीच्या लेनवर 200 ची सरासरी आहे म्हणून तिथेही तेवढीच पडेल असं धरून जाऊ नका. पिन त्याच, लेन तेवढीच, फाउल लाइनपासून (चेंडू टाकताना ओलांडायची नसते ती रेघ) पहिल्या पिनपर्यंतचं अंतर तेच 60 फूट. फरक पडतो तो लेनवर लावलेल्या तेलाने आणि लांबलचक दिवसाने. म्हणून हा लेख स्ट्राइक, म्हणजे पहिल्याच चेंडूत दहाही पिन, कसा मारावा यावर नाही.

1. आधी तांत्रिक पुस्तिका वाचा

बोलिंगचे प्रकार प्रत्येक स्पर्धेत बदलतात. आशियाई क्रीडा स्पर्धेत हा खेळ पहिल्यांदा आला 1978 साली, बँकॉकमध्ये. 1982 ला दिल्लीत तो नव्हता, 1986 ला सोलमध्ये परत आला, 1990 ला बीजिंगमध्ये पुन्हा गळला. 2014 च्या इंचॉन स्पर्धेत एकेरी, दुहेरी, तिहेरी, पाच जणांचा संघ, ऑल इव्हेंट्स (सगळ्या प्रकारांची बेरीज) आणि मास्टर्स (बेरजेत वर आलेल्यांचे आमनेसामने गेम) असे सगळे प्रकार होते. चारच वर्षांनी 2018 मध्ये त्यातले फक्त तिहेरी आणि मास्टर्स उरले आणि जोडीला सहा जणांचा संघ आला. हांगझोऊच्या वेळी तर खेळच यादीत नव्हता. पॅन अमेरिकन स्पर्धेत तो 1991 पासून आहे, वर्ल्ड गेम्समध्ये तो अगदी पहिल्या म्हणजे 1981 च्या स्पर्धेतच आला. राष्ट्रकुल स्पर्धेत एकदाच खेळला गेला, 1998 ला क्वालालंपूरमध्ये. ऑलिंपिकमध्ये 1988 ला सोलमध्ये प्रदर्शनीय सामने झाले, तेवढंच.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं की ‘मागच्या वेळी असं होतं’ या वाक्यावर विसंबून सराव आखणारे बरेच भेटतात. एकेरीच नसेल तर तुमचा पहिलाच चेंडू संघासाठी पडणार असतो, आणि त्याची तयारी वेगळी असते. पुस्तिकेत चार गोष्टी शोधा: प्रकार कोणते, प्रत्येकात गेम किती, गुण कोणत्या पद्धतीने मोजणार, आणि ऑइल पॅटर्न (लेनवर तेल कसं पसरायचं त्याचे आराखडे) कोणते.

ठिकाणही नीट पाहा. 2014 ची स्पर्धा इंचॉनची, पण बोलिंग झालं आन्यांगमध्ये. 2018 ला उद्घाटन जकार्तात होतं आणि बोलिंगच्या लेन पालेंबांगमध्ये, दुसऱ्या बेटावर. उद्घाटन सोहळ्यात चालायची हौस सगळ्यांनाच असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा ब्लॉक, म्हणजे सलग खेळायच्या गेमचा संच, असेल तर ती आवरा.

2. कागदपत्रं

प्रवेशिका तुम्ही स्वतः भरत नाही. राष्ट्रीय संघटना आणि ऑलिंपिक समिती यांच्यामार्फत ती जाते. आधी खेळाडूंची संख्या कळवली जाते, मग नावं. नावं जाण्याची तारीख उलटली की बदल करणं जवळपास अशक्य होतं. तुमच्याकडून लागतं ते एवढं:

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने वैध. नावाचं स्पेलिंग प्रवेशिकेत अक्षरशः तसंच हवं.
- ठरलेल्या मापाचा फोटो. ओळखपत्रावर तोच छापला जातो.
- ॲक्रेडिटेशन कार्ड. बऱ्याच स्पर्धांत ते आधी कच्च्या स्वरूपात येतं आणि तिथे पोहोचल्यावर विमानतळावर किंवा क्रीडाग्रामात वैध करून घ्यावं लागतं. ते होईपर्यंत कार्ड गळ्यात असूनही दार उघडत नाही.
- सही केलेला खेळाडूचा करार. सही करण्यापूर्वी प्रायोजकांच्या लोगोबद्दलचा भाग वाचा. शर्टावर, बॅगेवर, मनगटाच्या पट्ट्यावर किती मोठा लोगो चालतो हे त्यात असतं.
- नियमित औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, आणि ते बंदी असलेल्या यादीत येत असेल तर उपचारार्थ वापराची परवानगी. ही परवानगी आधी मागायची असते.
- प्रत्येक बॉलचा ब्रँड, नाव, वजन आणि अनुक्रमांक लिहिलेला कागद.

औषधांचा सापळा साधा आहे, म्हणूनच त्यात माणूस अडकतो. सर्दीच्या गोळ्यांत सुडोएफेड्रिन असू शकतं आणि स्पर्धेच्या काळात त्याच्या प्रमाणावर मर्यादा आहे. रात्री नाक बंद झालं म्हणून शेजारच्या खोलीतून गोळी मागून घेऊ नका. पथकाच्या डॉक्टरांना उठवा. त्यासाठीच ते आलेले असतात.

3. बॉल: किती, कोणते, आणि विमानात कसे

आधी वजनाचं गणित. 15 पौंडांचा बॉल म्हणजे 6.8 किलो. तीन बॉल म्हणजे 20.4 किलो, आणि त्यात बॅगेचं वजन धरलं की विमान कंपनीची 23 किलोंची मर्यादा तिथेच संपते. कपडे अजून भरायचेच आहेत. जादा सामानाची सोय पथकाकडून होणार की तुमच्या खिशातून, हे तिकीट निघायच्या आधी विचारून घ्या. काउंटरवर रांग लागलेली असताना या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नसतं.

शूज आणि अंगठ्याचे स्लग (अंगठ्याच्या भोकात बसवायचे तुकडे) हातातल्या बॅगेत ठेवा. बॉल एक दिवस उशिरा आला तर सरावासाठी दुसऱ्याचा चालवून घेता येईल, पण स्वतःच्या शूजशिवाय खेळणं कठीण. टेप कापायची कात्री मात्र मोठ्या सामानात.

बॉल किती न्यायचे याला पुस्तिकेतली मर्यादा असते, पण मर्यादेएवढे नेलेच पाहिजेत असं नाही. नव्या खेळाडूला चार पुरतात असं माझं स्पष्ट मत आहे. एक जोरकस हुक होणारा (म्हणजे पुढे जाऊन वळणारा), पृष्ठभाग घासून निस्तेज केलेला, लांब पॅटर्नसाठी. एक मधला, ज्याची वागणूक तुम्हाला झोपेतही सांगता येते. एक युरेथेन (बॉलच्या आवरणाचा एक प्रकार) किंवा सौम्य वळणारा, आखूड पॅटर्नसाठी आणि तेल उडालेल्या लेनसाठी. आणि एक प्लॅस्टिक, स्पेअरसाठी, म्हणजे उरलेल्या पिन दुसऱ्या चेंडूत पाडण्यासाठी. सहा बॉल घेऊन आलेला नवखा खेळाडू प्रत्येक चुकीच्या चेंडूनंतर रॅककडे बघत राहतो, आणि चूक हाताची होती की बॉलची हे त्याला कळतच नाही.

स्पर्धेआधी बॉलची तपासणी होते. वजन, व्यास, संतुलन आणि कठीणपणा मोजतात. 16 पौंडांपेक्षा जड बॉल चालत नाही. जुन्या बॉलला संतुलनासाठी जादा भोक पाडलेलं असेल तर तो घरीच ठेवा किंवा भोक बुजवून घ्या. आताच्या नियमांत बोटं न घातलेलं भोक चालत नाही. युरेथेनचे जुने बॉल काळानुसार मऊ पडतात, त्यामुळे प्रवासाला निघण्याआधीच त्यांचा कठीणपणा कुठेतरी मोजून घ्या. तपासणीत एक बॉल बाद झाला तर काय करणार, हे आदल्या रात्री नव्हे, महिनाभर आधी ठरवायचं असतं.

किटमध्ये आणखी लागतं ते असं: अंगठ्यासाठी पांढरी खरखरीत आणि काळी गुळगुळीत टेप, बोटांचे जादा इन्सर्ट, रोझिनची पिशवी, दोन कोरडे टॉवेल, घासण्याचे पॅड, शूजचे बदलायचे तळवे आणि शूजवर चढवायची आवरणं. प्रवासाने आणि हवामानाने अंगठा सुजतो किंवा बारीक होतो. पहिल्या सरावात भोक घट्ट किंवा सैल वाटलं तर घाबरू नका, टेप काढून किंवा लावून बघा. ड्रिल करून घ्यायला धावू नका. दोन दिवसांनी अंगठा परत पूर्वीसारखा होतो, बदललेलं भोक होत नाही.

4. तेल: खरी परीक्षा इथे आहे

लेनवर तेल असतं हे आपल्याला माहीत असतं, पण नेहमीच्या सेंटरमध्ये ते आपल्या बाजूने लावलेलं असतं. मध्ये भरपूर, कडेला अगदी थोडं. बॉल बाहेर सुटला तर कोरड्या भागात पकड घेऊन परत येतो, आत सुटला तर तेलावरून सरकत पॉकेटपर्यंत (पहिली पिन आणि तिच्या शेजारची पिन यांच्यातली फट) जातो. म्हणजे चुकीला दोन्हीकडून माफी. स्पर्धेच्या पॅटर्नमध्ये मधलं आणि कडेचं तेल यात एवढी तफावत नसते. तिथे दोन बोर्ड (लेनच्या लाकडी पट्ट्या) बाहेर गेलेला बॉल बाहेरच राहतो आणि दोन बोर्ड आत गेलेला नाकावर, म्हणजे पहिल्या पिनवर थेट, आदळून स्प्लिट करतो, म्हणजे पिन एकमेकींपासून दूर उभ्या राहतात.

पॅटर्न साधारण लांबीवरून ओळखतात. आखूड म्हणजे तेल 35 फुटांच्या आसपास संपतं, लांब म्हणजे 40 च्या पुढे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पॅटर्नना शहरांची नावं आहेत: स्टॉकहोम, मेक्सिको सिटी, लॉस एंजेलिस वगैरे. नाव जाहीर झालं की त्याचा तक्ता मिळवा आणि सरावाच्या सेंटरवर तोच पॅटर्न टाकून घ्या. यंत्र असेल तर हे जमतं, फक्त सेंटरच्या माणसाला गर्दी नसलेल्या वेळी गाठायला हवं.

तक्ता हाती आला की एक सोपा हिशेब करा. पॅटर्नच्या फुटांतल्या लांबीतून 31 वजा करा. उरेल त्या क्रमांकाच्या बोर्डाजवळ बॉल वळायला लागला पाहिजे. 42 फुटांचा पॅटर्न असेल तर अकरावा बोर्ड. 35 चा असेल तर चौथा, म्हणजे जवळजवळ गटरच्या काठावरून. उजव्या हाताच्या खेळाडूने बोर्ड उजवीकडून मोजायचे, डावखुऱ्याने डावीकडून. हा नियम दगडावरची रेघ नाही, पण सरावाचे पहिले चार चेंडू कुठे टाकायचे हे त्याने नक्की ठरतं.

आखूड पॅटर्नवर बहुतेकांची गडबड होते ती धीर नसल्यामुळे. बाहेरून खेळायला जीव होत नाही, म्हणून खेळाडू आतून खेळतो, बॉल लवकर कोरड्यात येतो, पहिल्या पिनच्या पलीकडे जातो, मग हात आखडतो. गटरशेजारून सरळ, ताकद न लावता खेळायचा सराव महिनाभर आधी सुरू करा. कंटाळवाणा आहे, पण दुसरा उपाय नाही.

आणि तेल जागेवर राहत नाही. प्रत्येक बॉल थोडं उचलतो आणि पुढे नेतो. दुसऱ्या-तिसऱ्या गेमपर्यंत तुमची रेघ कोरडी पडते आणि तोच बॉल लवकर वळायला लागतो. याची पहिली खूण म्हणजे चांगल्या फेकीवर उभी राहिलेली पिन. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल पॉकेटमध्ये जाऊनही 4 नंबरची पिन उभी राहिली, तर तो जास्त वळून पहिल्या पिनवर फार थेट येतोय. पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड डावीकडे, आणि पुढचा चेंडू. दोन फ्रेम (गेममधल्या पाळ्या) वाट बघून ‘बघू परत होतंय का’ म्हणणाऱ्याचे वीस पिन गेलेले असतात. 10 नंबरची एकटी उभी राहिली तर मात्र लगेच जागा सोडू नका. आधी हाताकडे बघा, वेग वाढला होता का ते आठवा.

5. अधिकृत सराव

प्रत्येक देशाला सरावाची वेळ ठरवून मिळते आणि ती कमी असते. त्या वेळेत स्ट्राइकची माळ लावून कुणाला दाखवायचं नसतं. पहिली काही मिनिटं एकाच बॉलने वेगवेगळ्या रेघा तपासा: बाहेरून, लेनवरच्या दुसऱ्या बाणावरून, आतून. मग बॉल बदला. शेवटी दोन्ही कोपऱ्यांच्या पिनांवर स्पेअरचे चेंडू टाका. वही जवळ ठेवा. कोणत्या लेनवर काय झालं ते तिथल्या तिथे लिहा, कारण शेजारच्या दोन लेनसुद्धा सारख्या वागत नाहीत.

अप्रोचही (फाउल लाइनआधीची चालत येण्याची जागा) तपासा. पाय किती सरकतो हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. बॉल हातात न घेता दोनदा चालून बघा, मग तळवा बदलायचा का ते ठरवा. स्वच्छतागृहात जाताना शूजवर आवरण चढवा. ओल्या तळव्याने फाउल लाइनवर पाय अडकला की गुडघा जातो, गुण तर जातातच.

6. गुणांचा हिशेब

इथे हँडिकॅप (कमी सरासरीच्या खेळाडूला दिलेले जादा पिन) नाही. पडलेल्या पिनांची बेरीज, एवढंच. सहा गेमच्या ब्लॉकमध्ये समोर कोण आहे याने काही बदलत नाही. चार प्रकार सहा-सहा गेमचे असतील तर ऑल इव्हेंट्ससाठी 24 गेमची बेरीज धरतात.

आता स्पेअरची किंमत बघा. नऊ पिन पाडून दहावी चुकली तर त्या फ्रेमचे नऊ. तीच पाडली आणि पुढचा पहिला चेंडू नऊचा पडला तर दहा अधिक ते नऊ, म्हणजे एकोणीस. म्हणजे एका चुकीचे दहा पिन गेले. प्रत्येक गेममध्ये एक चुकलं तर 24 गेममध्ये 240. पदक आणि विसावा क्रमांक यांच्यातलं अंतर यापेक्षा कमी असू शकतं. म्हणूनच प्लॅस्टिकचा बॉल. तो तेलाची फारशी पर्वा न करता सरळ जातो. हुक होणाऱ्या बॉलनेच स्पेअर काढायची सवय नेहमीच्या सेंटरवर चालून जाते, इथे अंगाशी येते.

काही स्पर्धांत गुण मोजायची दुसरी पद्धत वापरतात. तीत स्ट्राइकचे सरळ 30, स्पेअरचे 10 अधिक त्याच फ्रेममधल्या पहिल्या चेंडूचे पिन, आणि दहाव्या फ्रेमला जादा चेंडू नाही. एक स्ट्राइक, एक नऊचा स्पेअर असं आलटून पालटून खेळलात तर जुन्या पद्धतीने 200 होतात, नव्याने 245. सगळे नऊचे स्पेअर असतील तर दोन्हीकडे 190 च, जुन्यात शेवटचा जादा चेंडूही नऊचा धरला तर. थोडक्यात, नव्या पद्धतीत सुटा स्ट्राइकही पूर्ण मोलाचा. ती लागू असेल तर सरावात एक-दोन ब्लॉक त्याच पद्धतीने मोजा, नाहीतर फलक बघून डोकं गरगरतं.

7. ब्लॉकचा दिवस

लवकर पोहोचा. सुरक्षा तपासणीत बॉलची बॅग उघडायला लावतात आणि वेळ जातो. खेळ सुरू होण्यापूर्वी थोडा सराव मिळतो. बॉलचा पृष्ठभाग घासायचा असेल तर तोपर्यंतच. गुण मोजायला लागले की घासता येत नाही, आणि द्रव क्लीनरही लावता येत नाही, फक्त कोरडा टॉवेल. सवयीने बाटली काढणारे तिथे पंचांच्या नजरेत येतात.

दोन लेनच्या जोडीवर आलटून पालटून खेळायचं असेल तर दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवा. गेम संपला की पुढच्या जोडीवर जावं लागतं. तिथे तुमच्या आधी कोण खेळतंय हे आधीच्या गेममध्येच बघून ठेवा. तुमच्याच हाताचा, तुमच्यासारख्याच वेगाचा खेळाडू शोधा, आणि तो कुठे उभा राहतोय आणि कोणत्या पिन उरतायत तेवढं पाहा. नव्या जोडीवर सरावाचे चेंडू मिळत नाहीत. ही माहिती फुकट असते, आणि बहुतेक जण त्या वेळी मोबाइल बघत असतात.

शेजारचा खेळाडू अप्रोचवर असेल तर थांबायचं. किती लेनपर्यंत हा मान द्यायचा ते बैठकीत सांगतात, म्हणून व्यवस्थापकांच्या बैठकीचा कागद मागून वाचा. उलट बाजूने, फार रेंगाळलात तर पंच आधी ताकीद देतात आणि पुढे फ्रेमचे शून्य होऊ शकतात. फाउल लाइन प्रकाशकिरणाने पाहिली जाते. पाय पुढे गेला की त्या चेंडूचे पिन शून्य आणि चेंडू मात्र मोजला जातो. यंत्राशी वाद घालून उपयोग नाही.

तिहेरी किंवा संघाचा ब्लॉक तीन-चार तास सहज चालतो. दोन चेंडूंमध्ये बराच वेळ बसावं लागतं आणि खांदा थंड पडतो. उभे राहा, हात फिरवा, थोडं-थोडं खा, पाणी प्या. सहाव्या गेममध्ये वेग उतरतो आणि खेळाडू तेलाला दोष देतो. वेग फलकावर दिसत असेल तर आधी तो पाहा.

संघातला क्रम प्रशिक्षक ठरवतो. शेवटी खेळणाऱ्याचं नाव होतं, पण नव्या खेळाडूला पहिली किंवा मधली जागा बरी. शेवटची मागून घेऊ नका.

दोन स्क्वॉड (वेगवेगळ्या वेळी खेळणारे गट) असतील तर दुसरा स्क्वॉड खेळेपर्यंत क्रमवारी अर्धवट असते. दुपारी तिसरे असलात म्हणून संध्याकाळी पदकाची तयारी करू नका.

8. मास्टर्समध्ये पोहोचलात तर

इथे खेळ बदलतो. बेरजेवरून पुढे आलेले खेळाडू एकमेकांशी एक-एक गेम खेळतात आणि जिंकल्याचे दहा पिन बोनस मिळतात. म्हणजे 190 टाकूनही 185 वाल्याला हरवलंत तर तुमचे 200. त्यामुळे समोरच्याचा फलक इथे बघायचा, पण आठव्या फ्रेमनंतर. त्याआधी बघून फक्त हात घट्ट होतो. बोनसच्या मागे लागून रेघ बदलू नका. एकूण पिनच शेवटी वर नेतात.

9. ब्लॉक संपल्यावर

गुणपत्रक तिथेच तपासा आणि मग सही करा. पिन चुकीची मोजली गेली असेल तर हरकत घेण्याची वेळ फार थोडी असते. चूक लक्षात आल्या क्षणी व्यवस्थापकाला सांगा, स्वतः पंचांशी बोलत बसू नका.

उत्तेजक चाचणीसाठी नाव आलं तर एक माणूस तुमच्यासोबत राहतो आणि नमुना देईपर्यंत तुम्ही त्याच्या नजरेसमोर असायला हवं. पथकातला कुणीतरी बरोबर न्या. पाणी सीलबंद बाटलीतलंच, स्वतः उघडलेलं. अर्जावर गेल्या काही दिवसांतली सगळी औषधं आणि पूरक पावडरी लिहा, अंगाला लावलेलं मलमसुद्धा. अर्जाची प्रत मिळते, ती पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.

खोलीवर गेल्यावर बॉल पुसा, अंगठ्याची टेप बदला, आणि वहीत दुसऱ्या दिवशीच्या लेनचा क्रमांक आणि बसची वेळ लिहून मग दिवा बंद करा.